गॅलरीबाहेरची टाकी

रस्त्यानं चालताना माणसं समोर बघतात. बंडगर साहेब वर बघत चालायचे. गुलमंडीच्या गर्दीत त्यांनी किती जणांच्या पायावर पाय दिला आणि किती हातगाड्यांना ते धडकले, याला गणती नाही. "माफ करा" म्हणायचे, पण तेही वर बघतच. वर असायची कुणाची तरी गॅलरी, दुकानाची पाटी, नाहीतर कूलर. विशेषतः कूलर. उन्हाळा लागला की शहरभर खिडक्यांबाहेर कूलर लटकायला लागत आणि साहेबांचा रक्तदाब चढायला लागे. अनोळखी जिन्यानं वर जाऊन ते दार वाजवत आणि दार उघडणाऱ्या बाईला म्हणत, "कूलर आत घ्या. बीम पिळतोय तुमचा."

बाई आत वळून नवऱ्याला सांगे, "अहो, कुणीतरी आलंय. काय म्हणतंय ते कळंना."

औरंगपुऱ्यात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावर साहेबांचं ऑफिस होतं. लोखंडी कामाची डिझाइनं आम्ही करून देत असू. कारखान्यांच्या शेड, दुकानांचे पोटमाळे, मंगल कार्यालयांच्या गॅलऱ्या असलं काम. मी तिथं इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा शहरात बाईमाणूस इंजिनिअर म्हणजे बघायला यावं असा प्रकार होता. मुलाखतीला गेले, तर साहेबांनी माझा अर्ज हातात घेतला, वाचला नाही, त्याची सुरळी केली आणि माझ्यापुढं धरली.

"पिळा."

मी दोन्ही टोकं धरून पिळली. सुरळी लगेच तिरकी झाली आणि चुरगळली. साहेबांनी अर्ज सरळ करून पुन्हा सुरळी केली, तिच्या कडेला डिंक लावला आणि चहा मागवला. डिंक वाळेपर्यंत चहा झाला, माझ्या गावाची चौकशी झाली, आमच्याकडच्या बाजरीची चौकशी झाली. मग त्यांनी तीच सुरळी पुन्हा पुढं केली. "आता पिळा." या खेपेला ती जागची हलेना. कागद तोच, हात तेच.

"कळलं का?"

"हो सर. कड जोडली की पीळ सोसते."

"उद्यापासून या, बाई," साहेब म्हणाले. माझे गुण किती, कॉलेज कुठलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं, कारण ते सगळं डिंकाखाली गेलं होतं.

हेच त्यांचं वेड. बीमच्या बरोबर डोक्यावर वजन आलं तर तो वाकतो, आणि वाकण्याचा हिशोब कुणीही करतं. पण वजन बाजूला लटकलं की बीम ओल्या टॉवेलासारखा पिळला जातो, आणि त्याचा हिशोब करायला लोक विसरतात. "वाकलेला दिसतो गड्या, पिळलेला दिसत नाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. हे वाक्य ते बीमबद्दल बोलतायत की आमच्या एका लबाड गिऱ्हाइकाबद्दल, हे नेहमी स्पष्ट होत नसे.

साहेब मूळचे देवगाव रंगारीकडचे, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. जन्मतारीख विचारली तर "पोलीस ॲक्शनच्या साली, कापूस वेचणीच्या टायमाला" असं सांगत. शाळेतल्या मास्तरांनी दाखल्यावर काय घातलं होतं त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांचे वडील चालता चालता लोकर कातत. हातातली चाती फिरतेय, मेंढरं पुढं चाललीत आणि धागा लांबतोय, असं. "लोकर पिळली की घोंगडी होती. लोखंड पिळलं की पंचनामा होतो. एवढा फरक ध्यानात ठेवा, बाकी सगळं पुस्तकात हाय." हे म्हणताना त्यांची बोटं आपोआप चाती फिरवल्यासारखी हलत.

हे वेड लोखंडापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण साहेबांच्या स्कूटरच्या हँडलला एका बाजूला कधी पिशवी लागली नाही. डावीकडं किलोभर वांगी, तर उजवीकडं किलोभर काहीतरी पाहिजेच. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी, नुसती वांगी सांगितली तरी घरी बटाटेही येत. नुसती कोथिंबीर सांगितली की साहेबांची खरी पंचाईत व्हायची. एकदा ते कोथिंबिरीच्या दोन जुड्या दोन पिशव्यांत घालून आलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत.

या स्कूटरची किल्ली हे त्यांचं दुसरं हत्यार. बीम दिसला की किल्लीनं ठोकायचा आणि कान लावायचा. आमचं बहुतेक काम पन्हळीसारख्या चॅनेलचं. त्याला एक पाठ आणि वरखाली दोन कडा असतात, चौथी बाजू उघडी असते. त्या उघड्या बाजूला लोखंडी पट्टी जोडली की त्याचा डबा होतो, आणि मग तो पीळ सोसतो. माझ्या डिंक लावलेल्या अर्जासारखाच. उघडा चॅनेल वाजतो वेगळा आणि डबा वाजतो वेगळा. साहेबांच्या हाताखाली वर्षं काढल्यावर मलाही तो फरक कळायला लागला. नवऱ्याला मात्र मी सांगितलं नाही. एका घरात एवढं वेड पुरे.

हमीदभाई आमचे फॅब्रिकेटर. आम्ही कागदावर काढायचं आणि त्यांनी रेल्वे स्टेशनकडच्या आपल्या वर्कशॉपात ते लोखंडात उतरवायचं. साहेबांशी त्यांचं तीस वर्षं भांडण चालू होतं आणि त्यावाचून दोघांनाही जेवण जात नसे. "बाई, ये साहेब का क्या करना?" ते माझ्याकडं तक्रार आणत. "मी चॅनेल नेलं की म्हणतात, डबा कर. पाटीसाठी ब्रॅकेट मागितलं की म्हणतात, डबा कर. अरे, मेरी वर्कशॉप है या डब्बे का कारखाना?"

"कर की मग डबा," साहेब आतून ओरडत.

"देखा? सुंभ जळंल, पण पीळ नाय जायचा."

साहेबांच्या या पिळापायी एकदा एक लग्न मोडायची वेळ आली होती. आम्ही डिझाइन केलेल्या एका मंगल कार्यालयात आम्हाला जेवणाचं आमंत्रण होतं. वरात दारात आली, बँड सुरू झाला आणि पहिल्या मजल्यावरची सगळी पाहुणे मंडळी नवरदेवाचा घोडा बघायला गॅलरीच्या कठड्यावर पोटं टेकून बाहेर लोंबकळायला लागली. गॅलरीला काही होणार नव्हतं. हिशोब मी स्वतः तपासला होता. साहेबांनाही ते ठाऊक होतं. पण त्यांच्या हातातला द्रोण तिरका झाला आणि मठ्ठा सदऱ्यावर सांडू लागला. "हिशोबात बसतंय हो," ते म्हणाले, "पण माझ्या पोटात बसंना." वर जाऊन ओरडण्यात अर्थ नव्हता, बँडपुढं कोण ऐकणार? साहेब तडक बँडवाल्यांच्या म्होरक्याकडं गेले आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. बँड वाजत वाजत वळला आणि कार्यालयाच्या मागच्या अंगणात निघाला. त्याच्यामागं घोडा गेला, घोड्यामागं वऱ्हाड गेलं आणि वरची सगळी मंडळी मागच्या खिडक्यांकडं पळाली. गॅलरी रिकामी झाली. घोडा मात्र वरणाच्या पातेल्यांमध्ये उभा.

वराचे वडील संतापले. "आमच्या पोराची वरात संडासाच्या बाजूनं? आम्ही रुसलो."

"खुशाल रुसा," साहेब हात जोडून म्हणाले. "फकस्त खाली उभं राहून रुसा."

हे सगळं हसण्यावारी गेलं. पडेगावच्या गॅलरीचं मात्र तसं झालं नाही.

पडेगावात दौलताबाद रस्त्याच्या आत साहेबांनी तरुणपणी घर बांधलं होतं. खालचा मजला भाड्यानं दिलेला, वर ही दोघं राहत. त्यांच्या डोक्यावर पत्रे होते आणि पुढं रस्त्याकडं हातभर रुंदीची गॅलरी. तिच्या कडेला चॅनेलचा बीम होता, हमीदभाईंच्याच हातचा. नळाचं पाणी खालच्या हौदात यायचं आणि हौदातून वर न्यावं लागायचं. पुढं पुढं नळाला पाणी येणं म्हणजे पाहुणा येण्यासारखं झालं. आज येईल, परवा येईल, आलं तर थोडंच थांबेल. आल्या दिवशी भरून ठेवलं तर ठेवलं.

काकूंचं मागणं साधं होतं. छोटी मोटर बसवायची आणि वर एक काळी प्लास्टिकची टाकी ठेवायची. पत्र्यावर ती ठेवता येईना, स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसरं मावत नसे आणि गॅलरीत टाकी ठेवली तर माणसानं चालायचं कुठून? राहिली एकच जागा. गॅलरीच्या कठड्याबाहेर ब्रॅकेट लावायचं आणि त्यावर टाकी बसवायची. शहरात निम्म्या लोकांनी तेच केलं होतं. म्हणजे भरलेल्या टाकीचं सगळं वजन बीमच्या बाजूला लटकणार.

हे साहेबांना विचारणं म्हणजे वैद्याच्या घरात विडी पेटवण्यासारखं.

"नाय."

"अहो, सगळे ठेवत्यात."

"म्हणूनच नाय. पाणी मी आणतो की. मी मेलो का अजून?"

आणि ते खरंच आणत. ऑफिसातून आल्यावर दोन बादल्या घेऊन खाली जात आणि दोन्ही काठोकाठ भरून वर आणत. दोन्ही हातांत सारखं वजन पाहिजे. एकच बादली आणली तर माणूस पिळतो, असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी हे कौतुकाचं होतं. पण जिना तेवढाच राहिला आणि साहेब म्हातारे झाले. पुढं पुढं जिन्याच्या मधल्या पायरीवर बादल्या टेकवून ते उभे राहायला लागले. कुणी बघितलं की भिंतीवरचं प्लास्टर तपासल्याचं नाटक करत. एके दिवशी तिथंच छातीत कळ आली. पाणी सगळं जिन्यावरून खाली वाहिलं आणि भाडेकरू धावत आला म्हणून साहेब वाचले. डॉक्टरांनी बजावलं, यापुढं बादली उचलायची नाही.

काकू माझ्याकडं ऑफिसात आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. "बाई, तुम्ही सांगा त्यांला. माझं नाय ऐकत. टाकी ठेवली तर गॅलरी पडती म्हणत्यात. नाय ठेवली तर हा माणूस पडतोय. मी काय पडू देऊ?"

मी साहेबांना म्हटलं, "हमीदभाईंना सांगून तुमच्या बीमचा डबा करून घेऊ. एका दिवसाचं काम आहे. तुम्ही जगाला हेच सांगता."

"माझ्या गॅलरीला हात लावायचा नाय," साहेब म्हणाले आणि ड्रॉइंगवर वाकले. मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली होते, पण एवढं बिनबुडाचं उत्तर त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला खरंच राग आला. जन्मभर दुसऱ्यांच्या बीमांची काळजी वाहिली आणि घरच्या बाईच्या काळजीचा हिशोब शून्य? मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. आणि एवढं होऊनही डॉक्टर, काकू, भाडेकरू यांचा डोळा चुकवून साहेब बादली उचलतच राहिले. पुन्हा कळ आली. या खेपेला दवाखान्यात ठेवूनच घेतलं.

ते दवाखान्यात असताना काकूंचा फोन आला. आवाज बारीक, पण पक्का. "बाई, टाकी आणली. हमीदभाई ब्रॅकेट लावायलेत. उद्या ह्यांला घरी सोडणार. आल्यावर त्यांनी पाणी उचलायचं नाय म्हंजे नाय. गॅलरीचं तुम्ही बघा."

मी हातातलं टाकून पडेगावला निघाले. वाटेत मला सुचत होतं ते एवढंच, की हमीदभाई असे वागलेच कसे? बाजूच्या ब्रॅकेटवरून तीस वर्षं शिव्या खाल्लेला माणूस ते लावायला एका शब्दावर तयार कसा झाला? पोचले तर हमीदभाई शिडीवर उभे राहून वेल्डिंग करत होते, वर गुणगुणतही होते. खाली गल्लीत टाकी लोळत होती.

"हमीदभाई, थांबा! डबा केल्याशिवाय टाकी चढवायची नाही."

ते हसले आणि शिडीवरून उतरले. "चढो, बाई. देखो."

मी साडीचा पदर खोचून शिडी चढले. पर्समधली माझ्या स्वतःच्या स्कूटरची किल्ली काढली आणि बीमवर ठोकली. आवाज आतून घुमला. मला वाटलं, घाईत चुकीचं ऐकलं. पुन्हा ठोकली. मग हात खालून आत घातला, चॅनेलची उघडी बाजू असते तिथं. बोटांना पोकळी लागायला हवी होती, तर लागली सपाट पट्टी आणि तिच्या कडेला वेल्डिंगची जुनी, रंगाखाली दबलेली शिवण. गॅलरीच्या कडेचा तो बीम डबाच होता. पट्टी आतल्या बाजूला, फरशीखाली होती, म्हणून रस्त्यावरून कुणाला कधी दिसली नाही.

"हे कधी केलं?"

"घर बांधलं तवाच," हमीदभाई म्हणाले. "नवीन लगीन झालेलं. साहेब म्हणले, हमीद, आमची ही कोरड्या गावची. लहानपणी हिनं पाण्यासाठी लई पायपीट केलीय. आज नाय तर उद्या ही बाई पाण्याचं कायतरी ह्या गॅलरीला टांगणारच. तवा डब्बा कर. और किसीको बोलना नहीं. घरातही नाय. मी शब्द दिला व्हता, बाई. आज वहिनींनीच बुलाया, तो मैं क्या करूं?"

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "बघा की हे माणूस. बघा की." त्या रडत होत्या की शिव्या देत होत्या, मला सांगता येणार नाही. माझेही डोळे भरून आले होते आणि साहेबांचा रागही तितकाच आला होता.

दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात थांबली. साहेब भाडेकरूच्या आधारानं उतरले आणि सवयीप्रमाणं त्यांनी आधी वर बघितलं. टाकी भरलेली होती. आम्ही सगळे दारात उभे. साहेबांनी ब्रॅकेट बघितलं, वेल्डिंग बघितलं, हमीदभाईंकडं बघितलं. हमीदभाई आभाळाकडं बघायला लागले.

"एकच?" साहेब म्हणाले.

काकू झटक्यात पुढं झाल्या. "म्हंजे? दोन बसत्यात व्हय?"

साहेबांना एकदम घरात जायची घाई झाली.

वर पलंगावर टेकल्यावर काकूंनी त्यांना धरलंच. "आयुष्यभर ते बादल्या वाहणं काय व्हतं मग? मला मारायचं व्हतं, का सोता मरायचं व्हतं?"

साहेबांनी आधी पंख्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून, जणू मीच विचारलं होतं असं, म्हणाले, "बाई, ही गल्ली बघितली का? सगळ्यांच्या गॅलऱ्या उघड्या चॅनेलच्या. मी नाय केलेल्या. सगळ्यांला ठावं हाय, हे बीमवाल्या इंजिनिअरचं घर. माझ्या गॅलरीबाहेर टाकी लागली असती, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीनं लावली असती. इंजिनिअरच्या घरी चालती तर आपल्याकडं का नाय? माझा डबा कुणाला दिसणार व्हता? टाकी दिसली असती फकस्त." मग म्हणाले, "खाली पोरं खेळत्यात."

 काकू उठल्या, गॅलरीत गेल्या, टाकीच्या नळाखाली तांब्या धरला, भरून आणला आणि साहेबांच्या हातात दिला. "प्या," म्हणाल्या. "आन् मला सांगायचं व्हतं. मी काय गल्लीला सांगाया जाणार व्हते?"

"तुला सांगितलं असतं तर दोन ठेवल्या असत्या," साहेब म्हणाले आणि पाणी प्यायले.

साहेबांचा अंदाज बरोबर निघाला. आठवडा झाला नसेल, तोच समोरच्या घरी काळी टाकी आली. मग शेजारी. पण साहेब आता घरीच होते आणि त्यांना दुसरं काम नव्हतं. डॉक्टरांनी जिना दिवसातून एकदाच उतरायची परवानगी दिली होती, तेवढ्यात ते अख्खी गल्ली तपासून घेत. ज्याच्या घरी टाकी आली त्याला हमीदभाईंकडं पाठवायचे आणि डबा होईपर्यंत त्याच्या गॅलरीखालून हलायचे नाहीत. लोक वैतागले. एकानं काकूंकडं तक्रार केली, "मावशी, साहेबांला आवरा की." काकू म्हणाल्या, "मी आवरायला गेले आन् काय झालं ते तुमच्यासमोर हाय."

पुढं मी मुलाकडं नाशिकला राहायला गेले. त्याच हिवाळ्यात साहेब गेल्याचं हमीदभाईंनी फोनवर सांगितलं. सांगून झाल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. फोन तसाच चालू राहिला.

नाशिकला निघायच्या आधी मी पडेगावला निरोप घ्यायला गेले होते, तेव्हाचे साहेब डोळ्यांपुढं आहेत. गल्लीत शिरले तर ते शेजारच्या गॅलरीखाली खुर्चीवर उभे. हो, खुर्चीवर. छातीचं दुखणं असलेला माणूस. शेजारी खुर्ची धरून उभा होता आणि साहेब बीमवर किल्ली ठोकून कान लावत होते. वरून काकू कठड्यावर हात टेकून बघत होत्या.

"अहो," काकू मोठ्यानं म्हणाल्या, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "दुसरी आणू का टाकी? बसती म्हणं."

साहेबांनी मान वर केली नाही. कान बीमलाच लावून त्यांनी किल्ली धरलेला हात तेवढा उंच केला आणि 'नाय, नाय' असा हलवला. काकू हसल्या. साहेबांनी तोच हात खाली घेतला आणि पुन्हा एकदा बीमवर ठोकून बघितलं.